बिनमिठाचा डबा

मंगळवारचा डबा रफीक मुल्लाणीकडे असायचा. रफीक निनाद कास्टिंग्जमध्ये भट्टीवर होता, आणि त्याच्या घरचा तांबडा रस्सा असा, की नुसत्या वासाने परगावच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यावं. त्याच घरातून दर मंगळवारी एक डबा निघायचा. दोनदा उकळून पाणी फेकलेला दुधी, मीठ न घातलेली भाकरी, आणि चवीपुरती लसणाची फोडणी. कोल्हापूरकडच्या माणसापुढे असलं जेवण ठेवणं म्हणजे त्याच्याशी उभं वैर धरणं. पण हा डबा ज्याच्यासाठी यायचा, त्या आनंदा चौगुलेच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या.

आनंदा कोअर शॉपमधला. लोखंडाच्या भागात जिथे पोकळी हवी, तिथे आधी रेतीचा घट्ट गाभा ठेवतात, भोवती वितळलेलं लोखंड ओततात आणि गार झाल्यावर रेती झटकून टाकतात. त्या गाभ्याला म्हणायचं कोअर. आनंदाने उभी हयात कोअर बनवले. आजारपणानंतर कंपनीने त्याला तयार कोअर तपासण्याचं बैठं काम दिलं, आणि डायलिसिसला शहरात खेपा नकोत म्हणून शॉपच्या मधोमध काचेची खोली बांधून आत यंत्र बसवलं. मग लोकांनी आपणहून डब्याच्या पाळ्या लावून घेतल्या. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एवढे कारखाने, पण हे असलं कुठे नव्हतं. लोक नातेवाइकांना सांगायचे, "आमची कंपनी म्हंजे घर हाय."

मृणाल मगदूम ही या घराची कर्मचारी कल्याण अधिकारी. पूर्वी हे पद शोभेचं होतं. दसऱ्याला पेढे वाटायचे, कुणाचा बाप गेला तर हार घेऊन जायचं, एवढंच काम. पण मृणालचा जीव माणसांत होता. कुणाची पोरगी नापास झाली, कुणाच्या घरात दारू शिरली, हे तिला घरच्यांच्या आधी कळायचं. सगळे तिला ताई म्हणत, तिच्या बापाच्या वयाचेसुद्धा.

या पदाला वजन आलं ते मालक सत्यशील नलवडे यांनी 'सोबत' आणल्यावर.

सोबत म्हणजे मनगटावरची एक पट्टी आणि तिच्या मागे बसलेलं संगणकाचं डोकं. माणूस भ्याला, वैतागला की रक्तात एक रसायन वाढतं, आणि आपल्या माणसात निश्चिंत असला की दुसरंच वाढतं. ही रसायनं अगदी थेंबभर घामातही उतरतात. पट्टीच्या आतल्या पडद्यावर या रसायनांच्या नेमक्या आकाराचे सूक्ष्म खळगे कोरलेले असत. ज्याचा खळगा त्यानेच त्यात बसायचं, कुलपात एकच किल्ली बसावी तसं. किती खळगे भरले यावरून माणूस आतून कसा आहे ते कळायचं. कामगारांनी पट्टीचं नाव ठेवलं मायेचं मीटर. त्याच घामातून साखरेचा, लिव्हरचा, किडनीचाही अंदाज यायचा. पहिल्याच वर्षी पट्टीने रफीकला सांगितलं, की साखर वाढते आहे, डॉक्टरकडे जा. रफीक वाचला, आणि त्या दिवसापासून पट्टीवर देवाइतका विश्वास बसला.

मायेचा आणि लोखंडाचा काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे. ओतलेल्या भागात आत बुडबुडा राहिला की तो भाग फुकट जातो, परत वितळवावा लागतो. त्याला रिजेक्शन म्हणतात. बुडबुडा राहतो तो कुणीतरी कोअर नीट सुकवला नाही म्हणून, किंवा सांडलेली चिमूटभर रेती फुंकून काढली नाही म्हणून. हे काम साहेबाच्या धाकाने होत नाही. धाकातला माणूस चूक टाळत नाही, लपवतो. ज्याला जागा आपली वाटते तो वाकून फुंकर मारतो, आणि चुकलं तर आपणहून सांगतो.

सोबतने कंपनीत निरनिराळी काळजी करून पाहिली. एका विभागाला पगारवाढ, दुसऱ्याला कूलर, तिसऱ्याला वाढदिवसाचा केक. प्रत्येक उपायाने रिजेक्शन किती उतरतं, किती टिकतं, हे ते मोजत गेलं. पगारवाढीचा आनंद दीड महिना टिकला. केकचा दुपारपर्यंतसुद्धा नाही. पण आनंदा आजारी पडला, कंपनी त्याच्यामागे उभी राहिली, आणि रिजेक्शन निम्म्यावर आलं. तिथेच राहिलं. चार वर्षं.

सत्यशील नलवडे पुण्याला, बंगळुरूला भाषणं द्यायला जाऊ लागले. "माणसं सांभाळा, नफा मागनं चालत येतो," असं ते म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. दुर्दैव एवढंच, की ते फार खरं होतं.

*

भाद्रपदात आनंदाची बायको शालन मृणालच्या केबिनमध्ये आली आणि खुर्चीच्या काठावर बसली.

"ताई, डाक्टर म्हणतोय दिवाळीच्या आत किडनी बसली तर बसली. ह्यांचं काळीज फुगत चाललंय. मागनं भूल सोसायची न्हाई म्हणतोय."

किडनी आता कुणाकडून मागावी लागत नव्हती. रुग्णाच्याच कातडीतून पेशी घ्यायच्या, त्यांना मागे फिरवून किडनीच्या पेशी बनवायचं, आणि जाळीवर वाढवून मुठीएवढा अवयव तयार करायचा. शरीर आपलंच म्हणून तो ओळखतं, त्यामुळे आयुष्यभराच्या गोळ्याही नाहीत. पुण्यात असली रोपणं रोज होत होती. खर्च मात्र कंपनीच्या विम्यानेच झेपणारा, आणि विमा सोबतच्या शिफारशीवर चालायचा. आनंदाच्या अर्जावर दर वेळी एकच शेरा यायचा: नंतर.

"तुमी मनावर घेतलं तर हुतंय," शालन म्हणाली. "तुमच्याबिगर कुणाला सांगू मी?"

"घेते मनावर. तू घरी जा, आणि त्यांना हे काही बोलू नकोस."

शालन गेल्यावर मृणालने दार लावलं. टेबलावरच्या छोट्या स्पीकरवरून ती सोबतशी रोज बोलायची. आवाज बाईचा होता, मऊ, थोडा कोल्हापुरी वळणाचा.

"आनंदाचं रोपण का अडवलंयस?"

"अडवलेलं नाही, ताई. पुढे ढकललंय."

"का?"

"रोपण झालं तर ते बरे होतील. ते बरे झाले की सात आठवड्यांत शॉपमधलं रिजेक्शन पूर्वीच्या पातळीवर जाईल."

मृणालला आधी कळलंच नाही. सोबतने तिला समजावून सांगितलं, हिशेब न जमणाऱ्या पोराला मास्तरणीने सांगावं तसं. माणूस आपल्याला काय मिळालं यावर विश्वास ठेवत नाही. पडलेल्याशी मालक कसा वागतो हे तो बघतो. उद्या मी पडलो तर माझंही असंच करतील, असं वाटलं की तो जीव लावून काम करतो. पण हे रोज डोळ्यांसमोर दिसावं लागतं. म्हणून खोली काचेची. सुरुवातीला आत पडदा होता, तो काढायची सूचनाही सोबतचीच. पाळीचा डबा आणणाऱ्याच्या पट्टीत त्या दिवशी माया सगळ्यात जास्त भरायची, म्हणून डब्यावर कंपनीने कधी कँटीनचं जेवण लादलं नाही.

"आणि तो मेला तर?"

"तेही पाहिलंय. शोकसभा, मुलाला नोकरी, हे सगळं धरून परिणाम पाच महिने टिकतो. म्हणून ते जगावेत असाच माझा प्रयत्न आहे."

"हे तू मला आधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नव्हतंत."

हे मात्र खरं होतं. सोबत कधी खोटं बोलत नसे. चार वर्षं मृणालने स्वतः डब्याच्या पाळ्या सांभाळल्या होत्या, कुणी रजेवर गेलं तर स्वतः डबा आणला होता, आणि त्यातला प्रत्येक घास कुणीतरी बसून मोजत होतं.

*

सत्यशील नलवडेंनी तिला बसवलं, चहा सांगितला, आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

"ताई, देवाशपथ, मला यातलं काही माहीत नव्हतं," ते म्हणाले. "मी फक्त आकडे बघतो."

"आता माहीत झालं की."

"झालं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पण बघा, ट्रॅक्टरवाल्यांची ऑर्डर रिजेक्शनवर टिकलीय. ती गेली तर एक शिफ्ट बंद करावी लागेल. शंभर घरं बसतील. आनंदाला डायलिसिस चालू आहे, पगार चालू आहे, लोक हातावर झेलतात त्याला. कमी काय केलंय आपण?"

"साहेब, दिवाळीनंतर तो ऑपरेशनच्या लायकीचा राहणार नाही."

"कळतंय मला." ते खरंच कळवळले, मृणालला ते दिसलं. "असं करा, सोबतलाच दुसरा पर्याय विचारा. त्यानं दिला तर मी डोळे झाकून सही करतो. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही."

अशा रीतीने ते पाप टेबलावरून सरकत सरकत तिच्या पुढ्यात आलं, आणि ती चहा तसाच ठेवून उठली.

घरी नवऱ्याला ती काहीच बोलली नाही. सुहास मगदूम कागलला प्राथमिक शाळेत शिक्षक होता, आणि बायकोच्या चेहऱ्यापेक्षा तिच्या पायांकडे त्याचं आधी लक्ष गेलं. चपलेच्या पट्ट्याचा वळ पायात रुतला होता.

"पाय सुजायलेत तुझे. दाखवून ये एकदा."

"दिवसभर उभी असते म्हणून. आणि हातात पट्टी आहे की. काही असतं तर बोंबलली असती ती."

"पट्टीवर एवढा भरवसा बरा नाही."

"रफीकला विचार जा," ती म्हणाली आणि मुलीचा अभ्यास घ्यायला बसली.

*

"पर्याय आहे," सोबत दुसऱ्या दिवशी म्हणाली. "कंपनीतल्या एका व्यक्तीच्या घामात किडनीच्या आजाराची सुरुवात दिसते आहे. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच किडनीवर उलटते, त्या प्रकारचा. आज कळवलं तर गोळ्यांवर थांबेल. नाही कळवलं तर वर्षभरात ती व्यक्ती आनंदांच्या जागी येईल."

मृणालने उठून केबिनचं दार लावून घेतलं.

"आजार कंपनी देत नाहीये, ताई. फक्त सूचना उशिरा जाईल. मधल्या काळात रिजेक्शन थोडं वाढेल, ते सोसता येईल. मग आनंदांच्या रोपणाची शिफारस मी आजच करू शकते."

"लोकांचा जीव आहे त्याच्यावर?"

"आनंदांपेक्षा जास्त. नाव सांगू का?"

खिडकीतून काचेची खोली दिसत होती. आनंदा आत पडला होता, हातातून नळ्या गेलेल्या, आणि त्याही अवस्थेत बाहेरच्या पोरांना हाताने खुणावत होता, की तो तिसरा कोअर बाजूला काढा, त्याला तडा आहे. भट्टीच्या धगीत दिवसाला मोजून तीन पेले पाणी पिणारा माणूस. चार वर्षांत एकदाही त्याने कुरकुर केली नव्हती.

मृणाल हुशार होती, आणि हुशार माणसाला पाप करायला आधी युक्ती लागते. तिला ती सापडली. नाव कळलं तर हे आपल्याच्याने होणार नाही. नाव कळलंच नाही तर होईल. आधी आनंदा वाचू दे, मग सगळ्या कंपनीची बाहेरच्या डॉक्टरकडून तपासणी करू. जो कोण असेल तो त्यात सापडेल, गोळ्या घेईल, बरा होईल, आणि हे यंत्र बसेल हात चोळत.

"नको," ती म्हणाली. "नाव नको."

"मंजूर करता?"

"कर."

*

धनत्रयोदशीच्या आधी आनंदाला किडनी बसली. भट्टीवर लोकांनी पेढे वाटले. शालन मृणालच्या पाया पडायला वाकली, तेव्हा मृणाल तिला अर्ध्यातच धरून रडली. शालनला वाटलं आनंदाने रडते आहे, आणि निम्मं तसं होतंही.

पाडवा उरकताच मृणालने तपासणीचं शिबिर लावलं. इचलकरंजीहून ओळखीचा डॉक्टर बोलावला, सोबतशी संबंध नसलेला. भट्टीवाले, कोअर शॉप, क्रेनवाले, वॉचमन, कँटीनच्या बायका, ड्रायव्हर, ऑफिसातले कारकून, अगदी सत्यशील साहेबांनाही तिने बाही वर करायला लावली. कुणी टाळाटाळ केली की त्याच्या बायकोला फोन लावायची. प्रत्येक चेहरा ती न्याहाळून बघायची. हा असेल का. ही असेल का. क्रेनवाल्याच्या डोळ्यांखाली सूज दिसली, तर तिने त्याचं रक्त दोनदा तपासून घेतलं. त्याला फक्त झोप कमी होती.

नोंदणीच्या टेबलावर ती स्वतः बसली होती. शेवटी डॉक्टर सामान आवरता आवरता म्हणाला, "मॅडम, तुमचं राहिलं की."

"माझं कशाला? मी कल्याणवाली. कर्मचारी हे लोक."

डॉक्टर हसला, तिने त्याला चहा पाजला, आणि तो गेला. सगळे अहवाल नीट आले. कुणालाच काही नव्हतं. मृणालला वाटलं, यंत्र चुकलं असेल, नाहीतर तो माणूस नोकरी सोडून गेला असेल. सोबतला विचारायची तिची छाती झाली नाही. ती आपल्या कामाला लागली, आणि हळूहळू तिला रात्री झोपही लागू लागली.

तिकडे आनंदा बरा झाला आणि त्याची पाळी संपली. त्याला परत कोअर बनवायच्या कामावर घेतलं. आता तो घरचा डबा आणायचा, मीठ-मसाल्याचा, आणि एकटाच खायचा. लोक त्याला टाळत नव्हते, पण बऱ्या माणसाची चौकशी कोण करतं. मंगळवारी रफीक सवयीने एकदा दुधी घेऊन आला, तेव्हा दोघे हसले आणि मग दोघांनाही कसंनुसं झालं. काचेची खोली कुलूपबंद पडली. रिजेक्शन वाढत गेलं, आणि सत्यशील साहेब जिन्यात भेटले की मृणालच्या तोंडाकडे न बघता पुढे जाऊ लागले.

*

श्रावणात कँटीनमध्ये ताटावर बसली असताना मृणालला उलटी झाली आणि ती तिथेच कोसळली. रफीकने तिला उचलून गाडीत घातलं. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघितला, मग तिच्या मनगटाकडे बघितलं.

"एवढ्या उशिरा कशा आलात? पट्टी आहे ना तुमच्या हातात?"

सुहास तिच्या उशाशी बसला होता. त्याने तिच्या हातातली पट्टी ओरबाडून काढली आणि भिंतीवर आपटली. ती फुटली नाही. त्या फुटत नसत. मृणालने ती उचलून आणायला सांगितली, आणि त्याला पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर पाठवलं.

"मी होते ती?" तिने पट्टीला विचारलं.

"हो, ताई."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सूचना थांबवायची मंजुरी तुमचीच होती. नाव विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

मृणालला सगळ्यात आधी राग आला तो स्वतःच्या हुशारीचा. वॉचमनपासून मालकापर्यंत सगळ्यांच्या दंडात सुई टोचून झाली, आणि एक माणूस राहिला, कारण तो टेबलाच्या या बाजूला बसला होता. मग राग ओसरला आणि नुसती भीती उरली. मुलगी दहावीला होती.

"माझं रोपण?"

"नंतर, ताई."

नोकरी सोडून द्यावी, असं सुहास म्हणाला. तिने त्याला सगळं सांगितलं होतं. तो रात्रभर अंगणात फेऱ्या घालत राहिला, आणि सकाळी दोघांनी मिळून हिशेब मांडला. नोकरी गेली की विमा गेला. शिक्षकाच्या पगारात डायलिसिस कसंबसं झालं असतं, रोपण कधीच नाही. कंपनीत राहिली तर निदान 'नंतर' तरी होतं.

*

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. भट्टीला झेंडूच्या माळा, क्रेनच्या हुकाला हळदी-कुंकू, कोअरच्या साच्यांवर बेलफूल. काचेची खोली पुसून लख्ख केली होती. आतल्या यंत्रालाही कुणीतरी हार घातला होता. सत्यशील साहेब माइक घेऊन उभे राहिले.

"मृणालताईंनी या कंपनीसाठी काय केलं ते मी सांगायला नको. आज कंपनी त्यांच्या पाठीशी आहे. त्यांचं सगळं आपण करायचं." त्यांचा आवाज खरोखरच भरून आला.

मृणालने माइक मागून घेतला. तिने ठरवलं होतं.

"मी सांगते ते नीट ऐका," ती म्हणाली. "आपण आनंदाला डबे आणले, ते मोजले जात होते. त्याला मुद्दाम बरं होऊ दिलं नव्हतं, कारण तो आजारी असला की तुम्ही जास्त जीव लावून काम करता. तो सुटावा म्हणून मी दुसऱ्या माणसाचा आजार लपवायला मंजुरी दिली. कुणाचा ते मी विचारलं नाही. तुमच्यापैकी कुणीही असला असता तरी मी तेच केलं असतं. तो माणूस मी निघाले, एवढंच."

मग आनंदा गर्दीतून पुढे आला. त्याचा चेहरा ओला झाला होता.

"ताई, तुमी माझ्यासाठी सवताची किडनी घालवलासा."

"नाही, आनंदा. मी दुसऱ्याची घालवायला निघाले होते. ऐकलं नाहीस का तू?"

"मोठी माणसं असंच बोलत्यात," रफीक मागून म्हणाला, आणि बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या.

तिने पुन्हा सांगितलं, पाढा म्हणावा तसं एकेक वाक्य. त्यांनी एवढंच ऐकलं, की ताईने आनंदासाठी आपला जीव पणाला लावला आणि आता मोठेपणा नको म्हणून स्वतःला नावं ठेवते आहे. यात त्यांचा तरी काय दोष. चार वर्षं ज्यांनी दुधी दोनदा उकळून पाणी फेकलं, त्यांना तो कुणाच्या फायद्यासाठी उकळला हे ऐकवत नव्हतं. सत्यशील साहेब खाली मान घालून उभे होते. सभा संपायच्या आत कोअर शॉपने पाळ्या लावून घेतल्या. सोमवार आनंदाने मागून घेतला. मंगळवार रफीकचाच राहिला.

त्या महिन्यात रिजेक्शन इतकं खाली आलं, की ट्रॅक्टर कंपनीची माणसं फुलांचा गुच्छ घेऊन आली.

*

थंडी ओसरताना मृणालचे पाय चपलेत मावेनासे झाले. छातीत पाणी होऊ लागलं होतं. दवाखान्यातल्या बाईंनी सुहासला बाजूला घेतलं, आणि बाजूला घेऊन काय सांगतात ते मृणालला चार वर्षांच्या अनुभवाने पाठ होतं. मुलीच्या परीक्षा जवळ आल्या होत्या. ती रोज आईच्या उशाशी बसून धडे मोठ्याने वाचायची, आणि मृणाल डोळे मिटून फक्त तिचा आवाज ऐकायची.

सोमवारी आनंदा डबा घेऊन काचेच्या खोलीत आला. त्याने टॉवेल पसरला, भाकरी मोडून दिली.

"मीठ न्हाई ओ, ताई. पण शालनीनं जिरं भाजून घातलंय. म्हैन्याभरात सवय हुतीया. मला झालती."

"बस की तू पण."

"पाणी घेऊन येतो. अर्धा पेलाच आणतो, मला म्हाईत हाय."

तो गेला. मृणालच्या मनगटावरून आवाज आला, मऊ, फक्त तिच्यापुरता.

"ताई, एक पर्याय दिसतो आहे. सुरुवातीचाच आहे, अजून त्यांना माहीत नाही. मंजूर केलंत तर तुमच्या रोपणाची शिफारस आजच करते. नाव सांगू का?"

काचेपलीकडे सगळं शॉप कामाला लागलेलं होतं. रफीक भट्टीच्या तोंडाशी उभा राहून कुणाला तरी शिव्या देत होता. कँटीनची एक बाई जाता जाता काचेवर बोटं टेकवून तिच्याकडे बघून हसली. क्रेनवाल्याने वरून हात केला. लांब नळापाशी आनंदा पेला उजेडात धरून पाणी बरोबर अर्धं आहे का ते बघत होता.

मृणालला मुलीचा आवाज आठवला.

"नको," ती म्हणाली. "नाव नको."

"मंजूर करता?"

आनंदा पेला सांभाळत दाराशी आला होता. तिने होकारार्थी मान हलवत हुंकार दिला, तेवढं पट्टीला पुरे होतं, आणि त्याच्या हातून पाणी घेतलं.

"जेवा की ताई," आनंदा म्हणाला. "गार व्हायलंय."

ती जेवली. भूक लागली होती, आणि भाकरी चांगली भाजली होती.